पळपुटे तारे आणि १०.८



आज आकाशात शिरण्याआधी एक पत्र वाचूया. पत्र अकरावी सायन्सच्या एका मुलीचं आहे. 'माझं नाव आणि गाव छापू नका' असं तिनं दोनदा अधोरेखित करून लिहिलंय, म्हणून छापत नाही.

'काका, आम्हाला प्रॅक्टिकलला लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचं आणि त्यावरून पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण काढायचं. पुस्तकात ९.८ आहे. माझं आलं १०.८. पुन्हा केलं, तरी १०.८. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, अगं, उत्तर आधी लिही आणि वेळ मागून काढ, सगळे तसंच करतात. मी तसंच केलं. जर्नलवर व्हेरी गुड मिळालं. पण घरी येईपर्यंत कसंतरीच वाटत राहिलं. काका, मोठमोठे शास्त्रज्ञ काय करतात हो? जे यायला हवं ते आलंच नाही, तर ते काय लिहितात?'

पत्र वाचून माझे कान गरम झाले. कारण कॉलेजात असताना हा उद्योग मीही केलेला आहे. माझा प्रयोग भिंगाचा होता. उत्तरावरून उलटं गणित करून मी सात रीडिंगं अशी काही बेतली, की आलेखाची रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ आली. (पट्टीनंच आखली होती म्हणा!) आईबाबांनी हे वाचून उगाच मुलांकडे बघू नये. तुमच्या जर्नलमध्ये काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

तर या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी एका शोधाच्या गोष्टीतून देणार आहे. गोष्ट अगदी अलीकडची, गेल्या पंधरा-सोळा वर्षांतली आहे.

आधी एक करा. मासिक एका हातात धरा आणि दुसरा तळहात समोर आडवा पसरा. आता सावकाश मोजा, एक, दोन, तीन. तेवढ्या वेळात तुमच्या तळहातातून तीनएक कण आरपार निघून गेले. दुखलं नाही ना? हे म्यूऑन नावाचे कण. अवकाशातून अतिशय वेगानं येणारे विद्युतभारित कण आपल्या वातावरणावर आदळतात, त्या फटाक्यातून हे म्यूऑन तयार होतात. अवकाशातून येणाऱ्या त्या मूळ कणांना विश्वकिरण म्हणतात. ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस १९१२ साली बलूनमध्ये बसून पाच किलोमीटरच्याही वर गेले आणि जसजसं वर जावं तसतसा हा मारा वाढतो, हे त्यांनी उपकरणांवर मोजून दाखवलं. म्हणजे हा मारा जमिनीतून नाही, वरून येतोय. त्यासाठी १९३६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पण वरून म्हणजे कुठून? इथेच तर घोडं अडतं. विद्युतभारित कण अवकाशातल्या चुंबकीय क्षेत्रांतून येताना इतकी वळणं घेतात, की ते कुठल्या दिशेनं आले यावरून ते कुठून निघाले हे काही कळत नाही. गल्लीबोळांतून भटकत आलेल्या पाहुण्यासारखं. मग शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. जिथे कणांना असा भन्नाट वेग मिळत असेल, तिथे त्या कणांच्या धडकांमधून गॅमा किरणही निघत असणार. गॅमा किरण हाही प्रकाशच, फक्त प्रचंड ऊर्जेचा. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे तो नाकासमोर सरळ येतो. गॅमा किरण जिथून येतात, तिथे कणांचा कारखाना!

स्फोट झालेल्या ताऱ्यांचे अवशेष हे अशा कारखान्यांपैकी एक. ते बऱ्याच काळापासून संशयितांच्या यादीत आहेत. २०१० च्या सुमाराला यादीत आणखी एक संशयित आला. पळपुटे तारे!

एक पळपुटा तुम्ही स्वतः बघू शकता, दुर्बीण लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमाराला आग्नेयेकडे बघा. वृश्चिक उगवून वर आलेला असेल, त्यातली लालसर ज्येष्ठा ओळखायला सोपी. आता हात लांब करून वीत पसरा. ज्येष्ठेपासून उत्तरेकडे, वितीपेक्षा थोड्या कमी अंतरावर एक मध्यम तेजाचा तारा दिसेल. तो भुजंगधारी तारकासमूहातला झीटा. पूर्ण नाव झीटा ऑफ्युकी. वस्तुमान सूर्याच्या सुमारे वीसपट, अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षं. वाटेत बरीच धूळ आहे म्हणून हा आपल्याला असा बेताचा दिसतो. धूळ नसती तर आकाशातल्या अगदी ठळक ताऱ्यांत त्याचं नाव घेतलं असतं.

हा तारा पळतोय. ताशी लाख किलोमीटरच्या घरातला वेग. तुम्ही म्हणाल, सगळेच तारे फिरतात, त्यात काय! खरंय. पण आपापल्या शेजाऱ्यांच्या तुलनेत बहुतेक तारे सावकाश चालतात. हे मात्र घरातून पळून निघाल्यासारखे एकटेच सुसाट जाताना दिसतात. १९५४ साली ब्लाऊ आणि मॉर्गन या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी अशी एक जोडगोळी पकडली. सारथी तारकासमूहातला एई ऑरिगी आणि कपोत तारकासमूहातला म्यू कोलंबी. आकाशात एकमेकांपासून कितीतरी लांब, दोघांचा वेग जवळजवळ सारखा, आणि दिशा बरोबर उलट्या. दोघांचे मार्ग मागे मागे नेले तर कुठे मिळतात? मृग नक्षत्रात!

हे तारे पळाले कसे? आड्रियान ब्लाऊंनी १९६१ साली एक कारण मांडलं. दोन मुली फुगडी खेळतायत असं समजा. गरगर फिरताना एकीचे हात अचानक सुटले तर दुसरी कुठे जाते? भिंतीवर! दोन मोठे तारे एकमेकांभोवती असेच फिरत असतात. त्यांतल्या एकाचा स्फोट झाला, सुपरनोव्हा झाला, की त्याचं बहुतेक द्रव्य उधळून जातं, ओढणारं कुणी उरत नाही आणि दुसरा तारा सटकतो. आपल्या झीटाच्या जोडीदाराचा स्फोट दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी झाला असावा. दुसरं कारण म्हणजे गर्दी. ताऱ्यांच्या दाट वस्तीत तीन-चार तारे फार जवळ आले, तर रेटारेटीत एखाद-दुसरा बाहेर फेकला जातो. मृगातून निघालेली ती जोडगोळी अशीच, सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी फेकली गेली असं गणित सांगतं.

आता खरी गंमत. बंदरावर गेलात तर पाण्यातून जाणारी बोट नीट बघा. बोटीच्या पुढच्या टोकापाशी, नाळेपाशी, पाणी उचललं जातं आणि कमानीसारखं दोन्ही बाजूंना पसरतं. अवकाशही अगदी रिकामं नाही. एका घनसेंटीमीटरला एखाद-दुसरा अणू, क्वचित जास्त, एवढा विरळ का होईना, पण वायू आहे. धूळही आहे. त्यातून पळपुटा तारा जातो तेव्हा त्याच्यापुढेही कमान तयार होते. इंग्रजीत तिला बो शॉक म्हणतात. त्यातला 'बो' म्हणजे बोटीचं पुढचं टोक. कमान धनुष्यासारखी दिसते हा निव्वळ योगायोग, पण मराठीत आपण तिला धनुष्यकमान म्हणायला काही हरकत नाही.

बोट आणि तारा यांत एक फरक आहे. बोट स्वतःच्या अंगानं पाणी ढकलते. तारा तसं करत नाही. असे मोठे तापट तारे स्वतःच्या अंगातून सतत वायू फेकत असतात. या तारकीय वाऱ्याचा वेग सेकंदाला हजार ते दोन-अडीच हजार किलोमीटर. पुण्याहून नागपूर अर्ध्या सेकंदात! हा वारा समोरच्या वायूवर आदळतो आणि कमान बनते ती ताऱ्यापासून खूप पुढे. झीटाची कमान त्याच्यापुढे सुमारे अर्धा प्रकाशवर्ष आहे.

साध्या दुर्बिणीतून ती काही उठून दिसत नाही. कमानीत साठलेली धूळ ताऱ्याच्या उजेडानं कोमट होते आणि अवरक्त किरण टाकते. १९८३ साली आयरास नावाचा अवरक्त उपग्रह आकाशात गेला, त्याच्या नोंदींमधून १९८८ साली अशा कमानी ओळखू आल्या. पुढे स्पिट्झर या अवकाश-दुर्बिणीनं झीटाचं चित्र काढलं. कधी मिळालं तर जरूर बघा. ताऱ्यापुढे ती नाजूक वक्र झालर बघून मी तरी बराच वेळ गप्प बसलो होतो.

कमान आहे, टक्कर आहे. पण कणांना विश्वकिरणांसारखा वेग तिथे कसा मिळेल?

समजा, समोरून येणाऱ्या एसटीच्या तोंडावर तुम्ही चेंडू मारला. (मनातल्या मनात! कुणी करून बघू नका.) चेंडू परत येतो तो जास्त वेगानं, कारण एसटीच्या वेगाचा वाटा त्याला मिळतो. आता तुमच्या मागूनही दुसरी एसटी येतेय असं समजा. चेंडू या बसवरून त्या बसवर, त्या बसवरून या बसवर, दर टप्प्याला वेग वाढतोय. तुमचं काय होईल ते सोडून द्या. एन्रिको फर्मी यांनी १९४९ साली अवकाशातल्या कणांबद्दल असाच विचार मांडला, तिथे बसच्या जागी चुंबकीय क्षेत्रं असतात. पुढे १९७० च्या दशकाच्या शेवटी लक्षात आलं, की जिथे वेगवान वायू अडवला जातो तिथे हा खेळ फार चांगला जमतो. दोन्ही बाजूंचा वायू कणाला एकमेकांकडे येणाऱ्या बससारखाच भासतो.

अशा वेग मिळालेल्या इलेक्ट्रॉननं कमानीतल्या कोमट प्रकाशाच्या एखाद्या कणाला धडक दिली, तर कॅरममधल्या स्ट्रायकरनं सोंगटीला द्यावी तशी ऊर्जा तो देतो. बिचारा अवरक्त किरण क्ष-किरण किंवा गॅमा किरण होऊन सुटतो. झाली की आपली खूण तयार!

आणि २०१० साली बातमी आली. हंस तारकासमूहात बीडी +४३ ३६५४ नावाचा एक पळपुटा आहे. (नाव कसलं, टेलिफोन नंबरच तो.) अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणींनी पाहिल्यावर त्याच्या कमानीतून रेडिओ लहरी येताना दिसल्या, आणि त्यांचा घाट नुसत्या गरम वायूसारखा नव्हता. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांसारखा होता. म्हणजे कमानीत वेगवान कण आहेत! मग काय, गणितं सुरू झाली. एवढा वारा, एवढी धूळ, वाऱ्याच्या शक्तीतला एवढा वाटा कणांना मिळाला असं धरलं, तर एवढे गॅमा किरण निघतील. २०१२ साली झीटासाठीही असं भाकीत छापून आलं. झीटा आपल्याला जवळचा. तो दिसायलाच हवा.

बघणारा तयारच होता. २००८ साली अवकाशात गेलेली फर्मी दुर्बीण. हो, त्याच फर्मींचं नाव. ती पृथ्वीभोवती फिरत सगळं आकाश गॅमा किरणांत न्याहाळते. दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणापेक्षा कित्येक कोटी पट ऊर्जेचे किरण ती एकेक करून टिपते. एका गटानं तिच्या ५७ महिन्यांच्या नोंदी काढल्या, पळपुट्या ताऱ्यांच्या २७ कमानी निवडल्या आणि प्रत्येक जागा तपासली. आजूबाजूच्या उजेडापेक्षा या जागी काही जास्त आहे का?

पहिली, नाही. दुसरी, नाही. अशा सत्तावीसच्या सत्तावीस. झीटासुद्धा नाही.

२०१४ साली त्यांनी हे जसंच्या तसं छापलं. आता आपल्या पत्रलेखिकेनं नीट लक्ष द्यावं. 'काही नाही सापडलं' एवढंच लिहून ते थांबले नाहीत. त्यांनी आकडे लिहिले. काहीच न सापडल्यावर आकडा कसला लिहायचा? सांगतो.

किराण्याच्या दुकानात जा. समजा, तिथला तराजू पाच ग्रॅमच्या खालचं काही दाखवत नाही. कुणीतरी तुम्हाला केशराची बंद पुडी देऊन सांगतं, आत पंचवीस ग्रॅम केशर आहे. तुम्ही पुडी तराजूवर ठेवता. काटा हलत नाही. आता तुम्ही 'पुडीत केशर नाही' असं म्हणू शकता का? नाही म्हणू शकत. दोन ग्रॅम असेलही. पण पंचवीस ग्रॅम नाही, एवढं मात्र छातीठोकपणे सांगता येतं. पाचपेक्षा कमीच. ही झाली वरची मर्यादा. शून्य आणि वरची मर्यादा यांत फार फरक आहे. शून्य लिहायला तराजू कसा आहे ते ठाऊक असावं लागत नाही. मर्यादा लिहायची तर तुमचा तराजू किती बारीक तोलतो, हे आधी स्वतः तपासावं लागतं. काम जास्त आहे.

आणि पंचवीस-पाच हे आकडे मी उगाच घेतले नाहीत. फर्मीच्या नोंदींवरून झीटाची जी वरची मर्यादा निघाली, ती भाकितापेक्षा सुमारे पाचपटीनं खाली होती. म्हणजे ते भाकीत तसंच्या तसं खरं असू शकत नव्हतं. गणितवाल्यांना पाटी पुसून पुन्हा बसावं लागलं.

मग कुणी म्हणालं, आणखी जास्त ऊर्जेचे किरण शोधा. त्यासाठी नामिबियात, आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागात, उंच पठारावर बारा-बारा मीटरच्या चार दुर्बिणी आहेत आणि २०१२ मध्ये अठ्ठावीस मीटरची पाचवी आली. हेस हेच त्यांचं नाव, बलूनवाल्या हेस यांच्यावरून. त्या गॅमा किरण थेट पकडत नाहीत. किरण वातावरणात वर आदळतो, कणांची सर कोसळते आणि सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावी अशी निळसर चमक उमटते. ती चमक या दुर्बिणी टिपतात. इथली ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणापेक्षा हजारो कोटी पट.

या गटानं आणखी एक शहाणपणा केला. नव्यानं निरीक्षणं करण्याआधी जुनी गाठोडी सोडली. कमानींच्या यादीत तोवर ७३ नावं झाली होती. इतर कामांसाठी आकाश बघताना त्यांतल्या ३२ कमानी आपल्या दुर्बिणींच्या नजरेखालून गेल्या आहेत, असं त्यांना आढळलं. तपासल्या. बत्तीसपैकी एकही नाही! २०१८ साली तेही छापलं, मर्यादांसकट. ताऱ्याच्या वाऱ्याची शक्ती शंभर रुपये धरली, तर इतक्या उच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांत त्यातला फार तर दहा पैसे ते एक रुपया जात असेल, त्याहून जास्त नाही.

मधल्या काळात दोनदा 'सापडलं!' असं वाटलंही होतं. ते सांगितलं नाही तर गोष्ट अर्धी राहील.

पहिल्यांदा एई ऑरिगीपाशी, मृगातून पळालेल्या त्या जोडगोळीतला हा एक. २०१२ साली एका गटाला एक्सएमएम-न्यूटन या अवकाश-दुर्बिणीच्या नोंदींत त्याच्या कमानीजवळ क्ष-किरण दिसले. सगळ्यांना आनंद झाला. पाच वर्षांनी दुसऱ्या गटानं तीच जागा वेगवेगळ्या दुर्बिणींतून काळजीपूर्वक तपासली, शिवाय आणखी सहा पळपुटे तपासले. सहांमध्ये काही नाही, आणि एई ऑरिगीचा दावाही त्यांना पटवून घेता आला नाही. २०१९ साली चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या जास्त तीक्ष्ण नजरेलाही तिथे कमान दिसली नाही. क्ष-किरण येत होते ते एका ठिपक्यातून. कमानीचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसऱ्यांदा हंसातच, एचडी १९५५९२ या ताऱ्याच्या शेजारी. तिथे फर्मीला एक गॅमा किरणांचा ठिपका दिसत होता, त्यात या कमानीचा वाटा असेल का, असं एका गटानं सुचवलं. पण त्या ठिपक्यात निघाला एक पल्सार, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा सेकंदाला चारएक गिरक्या घेणारा गाभा. भुंकण्याचा आवाज आपल्या अंगणातून येतोय असं वाटावं आणि कुत्रा शेजाऱ्यांचा निघावा, तसं झालं.

कुणी कुणाला हसलं नाही. पहिल्या गटानं जे दिसलं ते लिहिलं होतं, दुसऱ्यानं जास्त चांगल्या नजरेनं बघून तेही लिहिलं. पहिल्यानं आपल्या नोंदी दडवल्या असत्या किंवा 'सुधारल्या' असत्या, तर दुसऱ्याला तपासायला काही उरलंच नसतं.

झीटाची आणखी एक हकिगत. २०२२ साली चंद्रा दुर्बिणीच्या नोंदींतून झीटाभोवती क्ष-किरणांचा एक फुगा दिसला. आता हा तरी वेगवान कणांचा का? नाही. हा कोट्यवधी अंश तापलेल्या वायूचा उजेड. आपण शोधतोय ती खूण ही नव्हे. पण मजा बघा. या वेळी संगणकावर तीन वेगवेगळी गणितं मांडली होती, आणि तिन्हींच्या भाकितापेक्षा खरा उजेड जास्त निघाला! गॅमा किरणांत भाकितापेक्षा कमी, क्ष-किरणांत भाकितापेक्षा जास्त. आपल्या अंगणातला म्हणावा असा तारा, पण अजून आपल्याला तो पुरता कळलेला नाही.

मग ते वेगवान कण गेले कुठे? बीडी +४३ ३६५४ च्या रेडिओ लहरी तर खऱ्या आहेत, नंतरच्या निरीक्षणांतही त्या दिसल्या. एक विचार असा आहे, की कणांना वेग मिळतो, पण ते कमानीत थांबत नाहीत. कॅरमची सोंगटी गाठण्याआधीच स्ट्रायकर बोर्डावरून खाली! कमान तशी छोटी, वारा जोराचा, कण वाहून जातात. तसं असेल तर गॅमा किरणांपेक्षा रेडिओ लहरींत जास्त सापडेल. आणि इथे आपलं नारायणगाव येतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. पुण्याहून नाशिककडे जाताना वाटेवरून थोडं आत. ज्या तारकावस्तीतून बीडी +४३ ३६५४ पळाला, हंसातल्या त्या परिसराचं अर्जेंटिनाच्या आणि भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी जीएमआरटीतून बारकाईनं सर्वेक्षण केलं, ते २०२० साली प्रसिद्ध झालं. पळपुट्यांच्या कमानींचा रेडिओतला शोध अजून चालू आहे.

आता पत्राकडे.

अगं, तू विचारलंस, यायला हवं ते आलं नाही तर शास्त्रज्ञ काय लिहितात. सत्तावीस आणि बत्तीस कमानींचं काय लिहिलं ते तू वाचलंसच. पण तुझ्या १०.८ मध्ये मला जास्त रस आहे. तू लिहिलंयस, दोनदा १०.८ आलं. हे फार महत्त्वाचं आहे. हात हलला, डोळा चुकला, तर चूक दर वेळी वेगळी येते, कधी ९.५, कधी १०.१. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, म्हणजे तुझ्या मोजण्यात काहीतरी एक गोष्ट दोन्ही वेळा सारखीच होत होती. आणि ती काय, याचा माझा एक अंदाज आहे.

गोळा सोडताना तू काय म्हणालीस? गोळा सोडला आणि घड्याळ चालू केलं, त्याच क्षणी 'एक' म्हणालीस का? तसं असेल तर तू 'वीस' म्हणालीस तेव्हा झोके एकोणीसच पूर्ण झाले होते. रस्त्याकडेला वीस खांब असले तर त्यांच्यामधल्या जागा एकोणीसच असतात ना, तसं. एकोणीस झोक्यांच्या वेळेला तू विसानं भागलंस, एका झोक्याचा वेळ कमी आला, आणि उत्तरात त्या वेळेचा वर्ग खाली असतो म्हणून त्वरण जास्त आलं. आता वही घे आणि उलटं करून बघ. १०.८ ला १९ च्या वर्गानं, म्हणजे ३६१ नं गुण आणि २० च्या वर्गानं, म्हणजे ४०० नं भाग. मी आत्ता पाकिटाच्या मागच्या बाजूला केलं. ९.७५ येतं.

जर्नलमध्ये बेतलेल्या वेळांवरून हे कधीच कळलं नसतं. तुझ्या पत्रात १०.८ होतं म्हणून कळलं.

अर्थात हा माझा अंदाजच. कदाचित तुझी दोऱ्याची लांबी चुकली असेल, कदाचित आणखी काही. तेव्हा सरांना किंवा मॅडमना विचारून पुन्हा लंबक लाव, या वेळी गोळा सोडताना 'शून्य' म्हण, आणि जे येईल ते, जसं येईल तसं, मला कळव. नाव छापणार नाही.

तुमचा,
काका